उजव्या हाताचा खेळ

चार नंबरच्या मशीनचा अलार्म वाजला तेव्हा मी एक नंबरच्या पेशंटला सुया लावत होते. डायलिसिस युनिटमध्ये अलार्म दिवसभर वाजतात. नळी दुमडली, पेशंट कुशीवर वळला, बीपी उतरलं, काहीही झालं तरी मशीन ओरडतं. मी लांबूनच स्क्रीन बघितली. व्हेनस प्रेशर वाढलं होतं. म्हणजे साफ झालेलं रक्त शरीरात परत जाताना कुठंतरी अडत होतं.

"रोहिणी, हात हलवलास का?" मी तिथूनच विचारलं.

"नाही ताई." मग जरा थांबून, "थोडासा."

जाऊन बघितलं तर डाव्या कोपराखाली टम्म फुगलं होतं. सुई शिरेच्या बाहेर गेली होती आणि रक्त कातडीखाली साठत होतं. पंप बंद केला, सुई काढली, दाबून धरलं, बर्फ मागवला. समोरच्या टेबलावर तिचा लॅपटॉप उघडा होता. स्क्रीनवर एका मोडक्या पुलावर एक माणूस उताणा पडला होता आणि तुम्ही मेलात असं इंग्रजीत लिहून आलं होतं.

"मागून तिघं आले," रोहिणी म्हणाली. "पळायला डावा हात लागतो."

मी बारामतीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात डायलिसिस टेक्निशियन आहे. पेशंट मला सिस्टर म्हणतात. मी नर्स नाही हे सांगून सांगून दमले, आता ओ देते. किडनी बंद पडली की रक्तातली घाण आणि शरीरात साठलेलं पाणी मशीननं काढावं लागतं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. त्यासाठी हातातली एक धमनी आणि एक शीर ऑपरेशन करून जोडतात. शीर फुगून जाड होते, तिच्यात दोन सुया बसतात. याला फिस्च्युला म्हणतात. पेशंट फिस्च्युलावर जगतो. तो हात चार तास फळीवर सरळ ठेवायचा. दुसऱ्या हाताला बीपीचा कफ बांधलेला असतो, तो अर्ध्या तासानं आपोआप फुगतो. म्हणजे एक हात जखडलेला आणि दुसरा अधूनमधून आवळला जाणारा.

रोहिणी शेळगावची. तिशीतली. पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. डोकं दुखतं म्हणून डॉक्टरकडं गेली तेव्हा बीपी आभाळाला भिडलेलं होतं आणि दोन्ही किडन्या जवळजवळ संपलेल्या होत्या. नोकरी सोडून ती गावी आली. घरी ढोबळी मिरची आणि टोमॅटो. वडील तिला भाजीच्या टेम्पोतून आणायचे, आमच्या दारात सोडून मार्केटला जायचे आणि परतताना घेऊन जायचे. आईनं किडनी द्यायची तयारी दाखवली होती, पण आईला साखर निघाली. मग रोहिणीचं नाव पुण्यात वेटिंगवर लागलं. मेंदू मृत झालेल्या कुणाच्या तरी घरच्यांनी दान केलं आणि जुळलं, तरच किडनी मिळणार.

त्या दिवशी हात फुगल्यामुळं तिचं डायलिसिस अर्ध्यातच थांबवावं लागलं. आमचे डॉक्टर राउंडला आले. त्यांनी हात बघितला, लॅपटॉप बघितला.

"हे काय आहे?"

"गेम आहे, सर," ती म्हणाली.

"उद्यापासून बंद. सिनेमे बघ मोबाईलवर. फिस्च्युला गेला तर दुसरा करायला जागा शोधत बसावं लागेल, कळतंय ना?"

तिनं मान हलवली. डॉक्टर बरोबरच बोलले होते. मीही तेच बोलले असते.

डायलिसिसच्या पुढच्या वारी रोहिणी आली नाही.

त्याच्या पुढच्या वारीही आली नाही. मी घरी फोन केला. वडिलांनी उचलला. त्यांना सगळे आबा म्हणतात.

"सिस्टर, टेम्पो दारात लावून तासभर उभा ऱ्हायलो. ती म्हनती, आज नगं. आई रडली, तरी न्हाय."

"आबा, तिला धाप लागतीय का? पाय सुजलेत?"

"तोंड सुजलंय. पन आयकत न्हाय ओ. ल्हान हाय का आता ती, उचलून टेम्पोत घालायला?"

डायलिसिस चुकवलं तर दोन गोष्टी होतात. पाणी साठतं, ते आधी पायात उतरतं आणि मग फुप्फुसात. आणि रक्तातलं पोटॅशियम वाढतं, ते थेट हृदयावर जातं. पाणी साठलेलं निदान कळतं तरी, धाप लागते. पोटॅशियम सांगून येत नाही. मी आबांना हे सगळं सांगितलं आणि काहीही करून आणा म्हणाले.

त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आणलं तेव्हा तिला आडवं होता येत नव्हतं. बसल्या बसल्या श्वास ओढत होती. एक वाक्य पुरं होत नव्हतं. ईसीजी बघून डॉक्टर "लगेच लावा" म्हणाले. एक पेशंट थांबवून आम्ही तिला चार नंबरवर घेतलं. हाताची सूज उतरलेली होती, पण जुनी जागा वापरायची नव्हती. मी वरच्या बाजूला सुया लावल्या. ती ओरडली नाही. आबा दाराबाहेर चपला काढून उभे होते. आत यायला मनाई होती म्हणून काचेतून बघत होते. भाजी टेम्पोतच राहिली होती.

पहिल्या तासात बरंच पाणी निघालं. श्वास मोकळा झाला. दुपारपर्यंत ती उशीला टेकून पडण्याइतकी बरी झाली. मी खुर्ची ओढून बसले.

"का आली नाहीस?"

"ताई, तुम्ही इथं रोज असता. पण या खुर्चीवर कधी चार तास पडला नाहीत."

"सिनेमा बघायचा."

"सिनेमात माझं काही चालत नाही. इथंही चालत नाही. सुई तुम्ही टोचता, पाणी किती काढायचं ते डॉक्टर ठरवतात, काय खायचं ते चार्टवर. खेळात निदान कुठल्या रस्त्यानं जायचं हे मी ठरवते." मग म्हणाली, "मरायचं नव्हतं मला. फक्त यायचं नव्हतं."

पाच नंबरवर तात्या होते. निरवांगीचे, पासष्टीचे, डाळिंबाची बाग असलेले. डाळिंबात पोटॅशियम भरपूर, त्यामुळं स्वतःच्या बागेतला दाणा तोंडात टाकायची त्यांना बंदी. ते डोळे मिटून पडले होते, पण झोपले नव्हते.

"खरं बोलली पोरगी," डोळे न उघडता ते म्हणाले. "म्या आजवर त्या पंख्याची पाती मोजतोय. तीनच हायती."

मी रोहिणीला विचारलं, "किती खेळ आहेत तुझ्याकडं?"

"एकाच मालिकेतले चार. नोकरीत असताना घेऊन ठेवले होते. खेळायला वेळच मिळाला नाही."

माझा खेळांशी संबंध पत्त्यांपुरता. तिनं मला समजावलं. या खेळांत जग संपून गेलेलं असतं. शहरं पडलीत, कारखाने बंद, उरलीसुरली माणसं वस्त्या करून राहतात. तुम्ही त्यातला एक माणूस तयार करायचा. ताकद किती, बोलणं किती, नेम किती, हे आधी ठरवायचं. मग त्याला घेऊन हिंडायचं. कुणाला मदत करायची, कुणाला नाही, हे तुम्ही ठरवाल तशी गोष्ट वळते. तिनं सुरुवात चौथ्यापासून केली होती, कारण तो सगळ्यात नवा. हात फुगला तो त्याच्यामुळं.

"यातला एका हातानं कुठला खेळता येतो?"

"बघितलं नाही कधी."

"मग बघू. पण सुया नसताना."

दोन दिवसांनी सकाळची बॅच उठल्यावर आम्ही रिकाम्या खुर्चीवर तालीम केली. रोहिणीचा डावा हात फळीवर ठेवून मी पट्ट्यानं हलकासा बांधला. उजव्या दंडाला कफ लावला आणि दर दोन मिनिटांनी फुगेल असा ठेवला. लॅपटॉप टेबलावर, माऊस उजव्या हाताखाली. आधी चौथा लावला. त्यात डाव्या हातानं, कीबोर्डवरून, चालायचं आणि उजव्यानं माऊसनं नेम धरायचा. मारामारी सुरू झाली तसा तिचा डावा हात पट्ट्यासकट उठला.

"बघ," मी म्हणाले.

"मुद्दाम नाही केलं!"

"तेच म्हणतेय मी."

तिसरा लावला. त्यात चालायचं काम माऊसवर घेता आलं. बरं चाललं होतं. तेवढ्यात कफ फुगला. दंड आवळला, बोटं सुन्न झाली, माऊस सुटला. कफ उतरेपर्यंत तिचा माणूस दोन कुत्र्यांनी खाल्ला होता.

मग पहिला. हा फार जुना. वरून बघितल्यासारखी जमीन दिसते, माणसं मुंगीएवढी, आणि बोलणं सगळं अक्षरांत लिहून येतं. कफ फुगला. तिनं माऊस सोडला. स्क्रीनवरचे चोर सुरे उगारून तसेच उभे राहिले. कफ उतरला, तिनं माऊस धरला, मग ते हलले.

"हे का थांबले?"

"यात पाळी असते. बुद्धिबळासारखी. आपण चाल केल्याशिवाय समोरचा करत नाही."

मी म्हटलं, हाच.

पण तिचं तोंड उतरलं. "दुसरापण असाच आहे, पण तो पहिला झाल्याशिवाय कळत नाही. आणि पहिला आता कुणी खेळत नाही, ताई. मित्र म्हणतात, त्यात वेळ घालवू नकोस, सरळ चौथा खेळ."

"चौथा घरी खेळ."

"घरी दोन्ही हात मोकळे असले की मी मिरची निवडायला बसते. आईला एकटीला उरकत नाही. घरी वेळ जातो. तो इथं जात नाही." ती पट्टा सोडवायला लागली. "आणि खरं सांगू? चौथा सगळ्यात चांगला आहे. आधी जुने खेळत बसले आणि चौथ्यापर्यंत पोचलेच नाही, तर?"

मी पट्टा सोडवायला मदत केली.

"ते मला सांगता येत नाही," मी म्हणाले. "चौथा लावलास तर मी सुई लावणार नाही. पहिला लावलास तर लावीन. एवढंच माझ्या हातात आहे."

तिनं पहिला खेळ पुन्हा उघडला. मग म्हणाली, "अक्षरं फार बारीक आहेत. मोठी करून आणते."

डॉक्टरांची परवानगी बाकी होती.

"वर्षा, आपण डायलिसिस युनिट चालवतो. गेम पार्लर नाही."

"सर, सिनेमा बघायला सांगितला तेव्हा ती दोनदा आली नाही."

"म्हणजे उद्या सगळे काही ना काही घेऊन येणार."

"आले तर येऊ देत, सर. निदान येतील."

त्यांनी चष्मा काढून पुसला. ते विचार करायला लागले की पुसतात. तालमीत काय दिसलं ते मी सांगितलं. कफची गोष्ट त्यांना पटली. "थांबतो म्हणतेस खेळ?" असं दोनदा विचारलं. मग अटी घातल्या. फिस्च्युलाचा हात उघडा, चादरीखाली नाही. हेडफोन एकाच कानात. टेक्निशियन थांब म्हणाली की लॅपटॉप मिटायचा. आणि एकदा जरी सुई हलली तर कायमचं बंद.

पहिल्या दिवशी डॉक्टर स्वतः तिच्या मागं उभे राहिले. पाच मिनिटं बघितलं. "यात काहीच होत नाहीये," असं म्हणून गेले.

खेळातला माणूस बियाणं पोचवणारा होता. जग संपल्यावर कुठल्याशा कोठारात थोडं बी शिल्लक राहिलेलं, ते वस्त्या-वस्त्यांना न्यायचं. रोहिणी आधी गुण वाटत बसली होती. तात्यांची मान तिच्या स्क्रीनकडं वळली.

"काय करतीस?"

"माणूस बनवतेय, तात्या. ताकद, बोलणं, नजर, सगळ्याला मिळून थोडेच गुण आहेत."

"बोलन्यावर टाक. ताकदीला ट्रॅक्टर हाय की."

"जग संपलंय, तात्या. ट्रॅक्टर नाही."

"मग बैल घी."

"बैलपण नाही."

तात्या विचारात पडले. "मग बोलन्यावरच टाक," ते म्हणाले. "दुसऱ्याकडनं काम करून घ्याया येईल."

तिनं टाकलं. तेव्हापासून पाच नंबरचं लक्ष चार नंबरवर. रोहिणी इंग्रजी वाचायची आणि तात्यांना मराठीत सांगायची. नदीकाठी मोठी वस्ती होती, माणसं बरीच. डोंगरात दुसरी, तीस-चाळीस माणसांची, जमीन खडकाळ. बी एकालाच पुरणार होतं. तात्यांनी जराही वेळ घेतला नाही.

"नदीवाल्यांना दी. पानी हाय त्यांच्यापाशी. डोंगरात काय उगवनार?"

रोहिणीला डोंगरातल्यांना द्यायचं होतं, पण तिनं तात्यांचं ऐकलं. पुढच्या वारी त्या वस्तीत परत गेली तर शेत नांगरलेलंच नव्हतं. नदीवाल्यांनी बी दळून खाल्लं होतं.

"खाल्लं?" तात्या उठूनच बसले. त्यांच्या मशीनचा अलार्म वाजला. "बी खाल्लं? बियाची जवारी खातं का कुनी?"

"तात्या, आडवे व्हा आधी," मी धावले.

"आवो सिस्टर, बी खाल्लं त्यांनी!"

त्या दिवशी ते घरी जाईपर्यंत धुसफुसत होते. सुनेला गाडीत सगळं सांगितलं म्हणे. सुनेला वाटलं, गावातल्या कुणाबद्दल बोलतायत. पुढं खेळात आणखी थोडं बी मिळालं, ते रोहिणीनं डोंगरातल्यांना दिलं.

असं चालू राहिलं. रोज काही मजा नसायची. कधी रोहिणीच्या पायात गोळे यायचे, मी थांब म्हणायचे, ती लॅपटॉप मिटायची. कधी बीपी उतरायचं आणि ती नुसती पडून राहायची. पण एकदाही सुई हलली नाही, आणि एकही वार चुकला नाही. आबा टेम्पोतून तिला आधी सोडायचे, मग मार्केट. मला एकदा दारातच म्हणाले, "काय केलं ओ तुमी? सकाळी तीच मला उठवती." मी सांगितलं, खेळ आहे. त्यांना ते खरं वाटलं नाही. काहीतरी औषध बदललं असेल असं ते अजून धरून आहेत.

पहिला खेळ संपत आला होता तेव्हा पुण्याहून फोन आला. किडनी होती. अशा वेळी एकाला बोलावत नाहीत. यादीतल्या दोघा-तिघांना बोलावतात, रक्त जुळवून बघतात आणि ज्याचं उत्तम जुळेल त्याला देतात. रोहिणीला हे माहीत होतं. तरी तिनं मला फोन केला तेव्हा आवाज वेगळा होता.

"ताई, निघालोय. आबांनी शेजारच्यांची गाडी घेतलीय. मी नाही आले तर माझी वेळ दुसऱ्या कुणाला द्या."

युनिटमध्ये बातमी पसरली. तात्यांचा त्या दिवशी वार नव्हता, त्यांना मी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "पोरीचं हून जाऊ दे."

झालं नाही. रक्त दुसऱ्याचं जास्त जुळलं. तपासण्या करून, डायलिसिस न करताच, तिला परत पाठवलं. आबांनी मला फोनवर एवढंच सांगितलं, "आमचा नंबर न्हाय लागला." मागं गाडीचा आवाज येत होता. रोहिणीचा आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची वेळ होती. मी चार नंबर तयार केलं, नळ्या भरल्या आणि दाराकडं बघायचं नाही असं ठरवलं. डॉक्टरांनी विचारलं, "आली?" मी म्हटलं, अजून नाही. त्यांनी चष्मा पुसला. तात्या पाच नंबरवर पडले होते. सुया लागल्या होत्या, पण डोळे दारावर.

वेळ उलटून थोडी पुढं गेली आणि ती आली. डोळे सुजलेले. वजनकाट्यावर स्वतःच उभी राहिली. खुर्चीवर बसून डावा हात फळीवर ठेवला. मी सुया लावल्या, कफ बांधला, मशीन सुरू केलं.

पहिल्यांदा कफ फुगून उतरला तेव्हा ती म्हणाली, "ज्याला मिळाली त्याची बायको भेटली, तात्या. तिला हसू येत होतं, पण माझ्याकडं बघून दाबत होती. मीच म्हटलं, हसा हो."

तात्यांनी मान हलवली. मग खाकरले. "डोंगरातल्या लोकांचं पीक आलं का न्हाय, त्ये तरी बघ."

"तुम्हीच म्हणाला होता, डोंगरात काय उगवणार."

"म्हनलो व्हतो. म्हनून तर इचारतोय."

तिनं उजव्या हातानं लॅपटॉप उघडला. मी एक नंबरकडं गेले. तिथं नळी दुमडली होती.

रोहिणीचं नाव अजून वेटिंगवर आहे. पहिला खेळ संपला, आता दुसरा चालू आहे. तात्या म्हणतात, यात माणसं जास्तच बोलतात. डॉक्टरांची भीती थोडी खरी ठरली. एक जण विणकाम घेऊन आला आणि एका हातानं ते जमेना म्हणून माझ्याशी भांडला.

आमच्या कामात सगळ्यात मोठा धोका पेशंट न येण्याचा आहे. त्यावर मशीनमध्ये अलार्म नाही. म्हणून नवा पेशंट आला की कुठला हात, कुठलं औषध हे झाल्यावर मी आता आणखी एक विचारते: चार तास काय करणार? बहुतेक जण म्हणतात, झोपू. पहिल्या आठवड्यात सगळे असंच म्हणतात. दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा विचारते.